स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया: योग्य तंत्र कसे ठरवावे

मान, खांदे आणि पाठ सतत दुखणे, ब्रेसियरच्या पट्ट्यांनी खांद्यांवर खोल वळ पडणे, स्तनाखालच्या घडीत घाम साचून त्वचा सोलवटणे, असे त्रास वर्षानुवर्षे सोसून स्त्रिया प्लॅस्टिक सर्जनकडे येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा व्रणाचा असतो. खूण किती मोठी राहील, ती झाकली जाईल का, हे त्यांना आधी हवे असते. अलीकडे तर व्रणाच्या आकारावरून पडलेले ‘लॉलीपॉप’ (गोल आणि त्याखाली उभा) आणि ‘अँकर’ (त्यालाच खाली आडव्याची जोड) हे शब्द वाचूनच रुग्ण येतात आणि ‘मला लॉलीपॉपच करा’ असे सांगतात. प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचा क्रमांक दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की स्तनाग्र नव्या जागी वर नेताना त्याला रक्त कोणत्या वाटेने मिळत राहणार. या प्रश्नाचे उत्तर आधी ठरते आणि व्रणाचा आकार त्यानंतर ठरतो. हा क्रम उलटा केला, की दिसायला आटोपशीर वाटणारी शस्त्रक्रिया चुकीच्या स्तनावर होते.

शस्त्रक्रिया करावी की नाही, ही चर्चा येथे केलेली नाही. तो निर्णय झाल्यानंतर तंत्राची निवड कोणत्या पायऱ्यांनी होते, हे रुग्णाला, तिच्या घरच्यांना आणि तिला पाठवणाऱ्या फॅमिली डॉक्टरांना समजावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तंत्राच्या नावात दोन भाग असतात

या शस्त्रक्रियेत तीन कामे एकाच वेळी साधायची असतात: आतील जादा ग्रंथी व चरबी काढणे, स्तनाग्र वरच्या जागी नेणे आणि उरलेल्या त्वचेने लहान झालेला स्तन नीट झाकणे. स्तनाग्र आणि त्याभोवतीचे गडद वर्तुळ, म्हणजे स्तनमंडल, शरीरापासून सुटे न करता आतील ऊतींच्या एका पट्ट्यावर जोडलेलेच ठेवून वर सरकवले जाते. या पट्ट्याला पेडिकल म्हणतात. रक्त, संवेदना आणि दुधाच्या नलिका, जे काही टिकायचे ते या पट्ट्यातूनच टिकते. पेडिकल ज्या दिशेला छातीशी जोडलेला राहतो त्यावरून त्याला नाव मिळते: वरचा, आतल्या बाजूचा, वरचा-आतला, खालचा, मधला.

नावाचा दुसरा भाग त्वचेच्या आखणीचा असतो. ह्यूस्टनचे सर्जन रॉबर्ट वाइज यांनी 1956 मध्ये ब्रेसियरच्या बेतणीवरून त्वचेची आखणी मांडली. तिच्यातून स्तनमंडलाभोवती गोल, तेथून खाली उभा आणि स्तनाखालच्या घडीत आडवा, असा व्रण राहतो. त्यालाच अँकर किंवा उलट्या ‘टी’चा व्रण म्हणतात. आडवा भाग वगळणारी उभी पद्धत फ्रान्समधील क्लोद लासुस यांनी 1960 च्या दशकात सुरू केली, ब्रसेल्सच्या मादलेन लेजूर यांनी तिचा प्रसार केला आणि कॅनडातील एलिझाबेथ हॉल-फिंडले यांनी 1999 मध्ये आतल्या बाजूच्या पेडिकलची जोड देऊन ती पुष्कळ सोपी केली.

पेडिकल आणि आखणी यांच्या जोड्या बदलता येतात. वाइज आखणीखाली वरचा-आतला पेडिकल ठेवता येतो आणि खालचाही. उभ्या आखणीखाली वरचा ठेवता येतो आणि आतलाही. त्यामुळे ‘तुमची अँकर पद्धतीने करू’ एवढेच कोणी सांगितले, तर अर्धेच उत्तर मिळाले असे समजावे आणि पेडिकल कोणता, हे विचारून घ्यावे.

पहिली पायरी: मापाआधी विचारपूस

तंबाखूचा प्रश्न येथे सर्वांत महत्त्वाचा आहे आणि महाराष्ट्रात तो नेमका चुकीच्या शब्दांत विचारला जातो. ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला बहुतेक स्त्रिया ‘नाही’ म्हणतात आणि ते खरेही असते. सकाळ-संध्याकाळ मशेरी लावणाऱ्या बाईला मात्र आपण तंबाखू घेतो असे वाटतच नाही. हिरड्यांतून रक्तात जाणारे निकोटिनसुद्धा बारीक रक्तवाहिन्या आवळते, आणि पेडिकलच्या टोकाला असलेले स्तनाग्र त्याच रक्तवाहिन्यांवर जगणार असते. म्हणून मशेरी, मिसरी, तंबाखू-चुना, गुटखा, विडी अशी नावे घेऊन विचारावे आणि शस्त्रक्रियेआधी किमान चार आठवडे व नंतरही चार आठवडे हे सर्व पूर्ण बंद ठेवावे. ते बंद होत नसेल तर तारीख पुढे ढकलावी. यात तडजोड करणारा सर्जन रुग्णावर उपकार करत नाही.

दुसरी चौकशी जुन्या चिऱ्यांची. मूल अंगावर पीत असताना स्तनात गळू होऊन कोणी चिरा दिला होता का, गाठ काढली होती का, बायोप्सी झाली होती का, हे विचारल्याशिवाय कळत नाही, कारण वीस वर्षांपूर्वीची खूण बऱ्याचदा फिकट होऊन गेलेली असते. आतल्या वरच्या भागात आडवा, खोल चिरा असेल तर त्या बाजूने येणारी रक्तवाहिनी कापलेली असू शकते आणि तेथून पेडिकल घेणे धोक्याचे ठरते.

मधुमेह ताब्यात आहे का, हिमोग्लोबिन किती आहे, वजन गेले काही महिने स्थिर आहे का, हेही पाहावे. वजन उतरवण्याचा बेत असेल तर ते आधी उतरवणे बरे. स्तनात चरबीचा वाटा मोठा असेल तर त्यांचा आकारही बदलतो आणि आज ठरवलेले तंत्र सहा महिन्यांनी गैरलागू होते. लठ्ठपणा जास्त असेल तर जखम उशिरा भरण्याचे आणि जंतुसंसर्गाचे प्रमाण वाढते, आणि ही वाढ कोणत्याही एका तंत्राने टाळता येत नाही.

पुढे मूल हवे आहे का, हे अविवाहित मुलीलाही संकोच न करता विचारावे. स्तनमंडलाच्या थेट मागचा ग्रंथींचा खांब पेडिकलमध्ये अखंड ठेवला तर स्तनपानाची शक्यता पुष्कळ टिकते. तो कापला गेला तर ती जवळजवळ संपते. नुकतेच स्तनपान थांबवलेल्या स्त्रीने स्तनांचा आकार स्थिरावेपर्यंत, साधारणपणे किमान सहा महिने, थांबावे.

घडीतील त्वचेची पाहणीही येथेच करावी. पावसाळ्यात, विशेषतः कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत, तेथे नायटा धरतो आणि औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम महिनोन्‌महिने लावले जाते. खाज थांबते, पण त्वचा पातळ आणि चकचकीत होत जाते. वाइज आखणीचा आडवा टाका नेमका त्याच त्वचेत पडणार असतो. आधी संसर्ग पूर्ण बरा करावा, मलम थांबवावे आणि मगच तारीख ठरवावी.

चाळिशीच्या पुढच्या स्त्रीची मॅमोग्राफी आणि तरुण वयात काही शंका असेल तर सोनोग्राफी शस्त्रक्रियेआधी व्हावी. घराण्यात स्तनाच्या किंवा बीजांडकोशाच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर हा तपास आणखी काटेकोर हवा.

दुसरी पायरी: टेप आणि मार्कर

ब्रेसियरचा कप हे माप शस्त्रक्रियेसाठी निरुपयोगी आहे. प्रत्येक कंपनीचा कप निराळा असतो आणि वर्षानुवर्षे चुकीचे माप घालणाऱ्या स्त्रियाही पुष्कळ आहेत. रुग्ण उभी असताना, हात सैल खाली सोडून, टेपने चार मापे घ्यावीत: गळ्याखालच्या हाडाच्या खाचेपासून स्तनाग्रापर्यंतचे अंतर, स्तनाग्रापासून स्तनाखालच्या घडीपर्यंतचे अंतर, स्तनाच्या तळाची रुंदी आणि स्तनमंडलाचा व्यास. पहिले अंतर बांधेसूद स्तनात साधारण 19 ते 22 सेंटिमीटर असते. स्तन लहान करून घ्यायला येणाऱ्यांमध्ये ते 28 ते 35 असणे नेहमीचे आहे आणि 40 च्या पुढेही जाते.

दोन्ही बाजू स्वतंत्र मोजाव्यात, कारण थोडाफार फरक जवळजवळ प्रत्येकीत असतो. तो आधी दाखवला नाही तर तो शस्त्रक्रियेने झाला असे रुग्णाला वाटते आणि त्यात तिची चूक नाही.

त्यानंतर स्तनाग्राची नवी जागा ठरवायची. स्तनाखालची घडी ज्या उंचीवर आहे ती उंची बोटाने स्तनाच्या पुढच्या बाजूवर आणून तेथे खूण करतात. जुन्या जागेपासून या खुणेपर्यंतचे अंतर म्हणजे स्तनाग्राचा प्रवास, आणि पुढचे जवळपास सगळे निर्णय याच आकड्याभोवती फिरतात. उभ्या पद्धतीत स्तनाचा वरचा भाग भरून येतो, त्यामुळे ही खूण एक-दोन सेंटिमीटर खालीच ठेवणे शहाणपणाचे असते. जरा खाली राहिलेले स्तनाग्र नंतर छोट्या शस्त्रक्रियेने वर घेता येते, परंतु फार वर गेलेले, ब्रेसियरच्या किंवा ब्लाउजच्या गळ्यातून डोकावणारे स्तनाग्र खाली आणणे जवळजवळ अशक्य असते. शंका असेल तेथे खूण खाली सरकवावी.

त्वचेचा पोत बोटांच्या चिमटीतच कळतो. चिमूट सोडल्यावर झटकन बसणारी, जाड त्वचा उभ्या पद्धतीत स्वतःहून आकसते. पांढरट वळ पडलेली, वजन खूप उतरल्यानंतर पिशवीसारखी लोंबणारी त्वचा तशी आकसत नाही. ती कापूनच काढावी लागते.

प्रत्येक बाजूने किती ग्रॅम निघतील याचा अंदाजही याच वेळी बांधावा. त्यासाठी सूत्रे आहेत, पण चरबीचा आणि ग्रंथींचा वाटा स्त्रीगणिक बदलत असल्याने अंदाज चुकतो, हे धरूनच चालावे. अमेरिकेतील मराठी वाचकांना या आकड्याचा आणखी एक उपद्रव भोगावा लागतो: तेथील अनेक विमा कंपन्या 1991 मध्ये पॉल श्नर यांनी मांडलेल्या तक्त्यानुसार शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात किमान वजन निघावे अशी अट घालतात. पृष्ठभाग 1.70 चौरस मीटर असेल तर हा आकडा प्रत्येक बाजूस 370 ग्रॅम येतो. विम्याची अट पुरी करण्यासाठी स्तन गरजेपेक्षा जास्त लहान करणे हा वैद्यकीय निर्णय नव्हे, हे रुग्णाने आणि सर्जनने आधी एकमेकांशी स्पष्ट बोलून घ्यावे.

तिसरी पायरी: पेडिकल

स्तनाला रक्त अनेक बाजूंनी येते. छातीच्या मधल्या हाडाशेजारून, बरगड्यांच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या फटीतून येणाऱ्या शाखा सर्वांत भरवशाच्या. काखेच्या बाजूने आणि खालच्या बरगड्यांमधूनही शाखा येतात. चौथ्या-पाचव्या बरगडीच्या पातळीवर स्तनात एक आडवा पडदा असतो आणि त्यातून रक्तवाहिन्या व नसा स्तनाग्राकडे जातात, हे व्हिएन्नाच्या एलिझाबेथ व्यूरिंगर यांनी 1998 मध्ये दाखवले. धमन्यांची ही समृद्धी असल्यामुळेच इतके निरनिराळे पेडिकल चालतात. अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या शिरा मात्र बव्हंशी त्वचेच्या लगेच खाली असतात, आणि स्तनाग्र धोक्यात येते ते बरेचदा रक्त पोहोचले नाही म्हणून नव्हे, तर ते परत निघू शकले नाही म्हणून. पेडिकलवरची त्वचा वरवर सोलताना तिचा खालचा थर जपायचा तो यासाठी.

वरचा पेडिकल लहान कपातीला चांगला. वरच्या भागाला भरीवपणा येतो आणि नंतर स्तन खाली ओघळण्याचे प्रमाण कमी राहते. स्तनाग्राचा प्रवास जास्त असेल तर मात्र हा पट्टा स्वतःवर दुमडावा लागतो, आणि जाड पट्टा दुमडला की शिरा चेपतात. पातळ केला तर दुमडतो, पण रक्तपुरवठा आणि संवेदना दोन्ही कमी होतात. प्रवास मोठा असेल तेथे हा पेडिकल सोडावा.

आतला आणि वरचा-आतला पेडिकल दुमडत नाही, फिरतो. ओरलँडो आणि गुथ्री यांनी 1975 मध्ये मांडलेली ही कल्पना अनेक वर्षे मागे पडली होती. आज ती लहान कपातीपासून फार मोठ्या कपातीपर्यंत वापरली जाते. काढायची ऊती खालच्या आणि बाहेरच्या भागातून जाते, म्हणजे जेथे जडपणा असतो तेथूनच जाते, आणि उरलेला स्तन वरच्या व आतल्या भागात राहतो. पेडिकलचा तळ आठ ते दहा सेंटिमीटर रुंद आणि पूर्ण जाडीचा ठेवला तर तो दणकट असतो. दुसरे काही विशेष कारण नसेल तर माझी पहिली पसंती याला आहे.

खालचा पेडिकल 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात रुजला आणि वाइज आखणीशी त्याची जोडी जगभरातील प्रशिक्षणात घट्ट बसली. तो शिकवायला सोपा आहे, निकाल अपेक्षेप्रमाणे येतो आणि आखणी कागदावर मोजून करता येते. त्याचा दोष असा, की जो भाग मुळात ओघळला होता तोच मागे ठेवून वरचा भाग काढला जातो. काही वर्षांनी स्तनाचे वजन खाली घसरते, स्तनाग्रापासून घडीपर्यंतचे अंतर वाढते आणि स्तनाग्र वर पाहू लागते. या पेडिकलची लांबी म्हणजे जवळपास स्तनाग्र ते घडी हे अंतर असते. ते 18-20 सेंटिमीटरच्या पुढे गेले की पट्टा लांब आणि तुलनेने अरुंद होतो. तथापि आतल्या बाजूला जुना चिरा असेल तर हाच पेडिकल उपयोगी पडतो, आणि ज्या सर्जनचा हात यावर बसलेला आहे त्याने केवळ नवे म्हणून दुसरे तंत्र अवघड रुग्णावर आजमावू नये.

संवेदनेविषयी रुग्ण हमखास विचारतात. स्तनाग्राची मुख्य नस चौथ्या बरगडीखालून बाहेरच्या बाजूने येते, म्हणून आतला पेडिकल घेतल्यास संवेदना जाईल असे वाटू शकते. प्रत्यक्षात आतल्या बाजूनेही नसा येतात आणि या पेडिकलनंतरही बहुतेकींची संवेदना पुष्कळ प्रमाणात परत येते. ती यायला काही महिने लागतात, काहींची कमीच राहते, आणि कोणत्याही तंत्रात तिची हमी देता येत नाही.

चौथी पायरी: त्वचेची आखणी

आता व्रणाचा प्रश्न घ्यावा. उभ्या पद्धतीत स्तनमंडलाभोवती गोल आणि तेथून खाली उभा, एवढाच व्रण राहतो. आतील ऊतींचे खांब एकमेकांना शिवून आकार दिला जातो. त्वचेवर ताण टाकला जात नाही. स्तनमंडलासाठीची वरची आखणी मशिदीच्या घुमटासारखी काढतात आणि तिचा परीघ सुमारे 16 सेंटिमीटर ठेवला तर पाच सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ बसते. कागदांना लावायची मोठी क्लिप सरळ केली की नेमकी तेवढी तार मिळते, म्हणून हॉल-फिंडले यांनी तिचाच साचा सुचवला. उभ्या चिऱ्याचे खालचे टोक घडीच्या दोन ते चार सेंटिमीटर वर थांबवतात, कारण स्तन लहान झाल्यावर घडीही वर चढते आणि चिरा घडीपर्यंत नेला तर व्रण छातीवर उतरून दिसतो.

या पद्धतीचा आकार टिकतो. मात्र पहिले काही महिने ती रुग्णाचा आणि सर्जनचाही धीर पाहते. स्तनाचा वरचा भाग फुगीर आणि खालचा चपटा दिसतो, उभ्या टाक्याच्या खालच्या टोकाला चुण्या पडतात आणि आरशात पाहणाऱ्या स्त्रीला काहीतरी बिघडले असे वाटते. बहुतेक चुण्या तीन ते सहा महिन्यांत बसतात. ज्या बसत नाहीत त्या एक वर्षानंतर, भूल देऊन किंवा जागा बधिर करून, काढाव्या लागतात. हे आधी सांगितले नाही तर उत्तम झालेली शस्त्रक्रियाही फसल्यासारखी वाटते.

वाइज आखणीत टेबलवरच आकार दिसतो आणि कितीही जादा त्वचा काढता येते. तिचे दुखणे असते ते तीन टाके मिळतात त्या बिंदूवर. तेथे ताण सर्वाधिक आणि रक्त सर्वांत कमी, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तेथे जखम थोडी उकलणे ही या आखणीची नेहमीची तक्रार आहे. ती ड्रेसिंगने भरते, पण वेळ घेते. घडीच्या मध्यभागी त्वचेचा छोटा त्रिकोण राखून ठेवला तर हा ताण कमी होतो. आडव्या व्रणाचे आतले टोक हाही आपल्याकडे जपण्याचा भाग आहे, कारण छातीच्या मधल्या हाडावर व्रण जाड होण्याची प्रवृत्ती असते. आडवा चिरा स्तनाच्या सावलीतच संपवावा. दोन्ही बाजूंचे चिरे मध्यावर जवळ आणू नयेत. पूर्वी कानाच्या पाळीवर किंवा छातीवर केलॉइड (जाड होऊन वाढत जाणारा व्रण) झाले असेल त्या रुग्णाला तर हा आडवा भाग जेवढा आखूड करता येईल तेवढा करावा.

या दोन टोकांच्या मध्ये एक व्यवहार्य मार्ग आहे: उभी आखणी करून, शेवटी खाली त्वचा फारच गोळा होत असेल तर घडीत छोटा आडवा चिरा जोडायचा. प्रत्यक्षात मध्यम आकाराच्या अनेक स्तनांवर हेच घडते आणि त्यात कमीपणा काही नाही.

केवळ स्तनमंडलाभोवती गोल व्रण ठेवणारी पद्धत, जिला पॅरिसच्या लुई बेनेली यांनी 1990 मध्ये गोल टाक्याची जोड दिली, ती स्तन लहान करण्यासाठी फारशी घेऊ नये. स्तन पुढून चपटा होतो, व्रण पसरतो आणि स्तनमंडल हळूहळू मोठे होते.

कोणाला काय

प्रत्येक बाजूने 300 ते 500 ग्रॅम काढायचे आहेत, त्वचा चांगली आहे आणि स्तनाग्राचा प्रवास पाच-सहा सेंटिमीटरचा आहे, अशा तरुण स्त्रीला उभी आखणी आणि वरचा किंवा वरचा-आतला पेडिकल घ्यावा. 500 ते 1000 ग्रॅमच्या पट्ट्यात वरचा-आतला पेडिकल कायम ठेवून, त्वचा आकसणारी असेल तर उभी आखणी, नसेल तर आखूड आडव्या चिऱ्याची जोड, असा निर्णय त्वचेवर सोपवावा. 1000 ग्रॅमच्या पुढे, किंवा वजन खूप उतरल्यानंतरच्या सैल त्वचेत, वाइज आखणी घेताना संकोच करू नये. आखूड व्रणाच्या हट्टापायी चुण्यांची पिशवी मागे ठेवण्यात अर्थ नाही. हे ग्रॅमचे आकडे म्हणजे सीमारेषा नव्हेत, कारण ठेंगण्या, अरुंद छातीच्या स्त्रीचे 600 ग्रॅम आणि उंच, रुंद छातीच्या स्त्रीचे 600 ग्रॅम सारखे नसतात.

केवळ लायपोसक्शनने, म्हणजे नळीने चरबी शोषून, भागेल अशा स्त्रिया थोड्या असतात, पण असतात: साधारणपणे वयस्क, स्तनात चरबीच जास्त असलेल्या, स्तनाग्र फार न ओघळलेल्या आणि लहान खुणा व थोड्या वेळाची भूल यांना महत्त्व देणाऱ्या. स्तनाचे वजन कमी होते. स्तन उचलला जात नाही. अन्य तंत्रांतही बाहेरच्या, काखेकडच्या भागाला आकार देण्यासाठी लायपोसक्शनची मदत होते.

स्तनाग्र पूर्ण सुटे करून नव्या जागी त्वचारोपणासारखे बसवण्याची पद्धत शिकागोचे मॅक्स थोरेक यांनी 1922 मध्ये मांडली. तिच्यात संवेदना आणि स्तनपान दोन्ही जातात. सावळ्या वर्णावर स्तनमंडलाचा रंग ठिपक्याठिपक्यांनी उडतो, आणि हे आपल्याकडच्या रुग्णाला आधी फोटो दाखवून सांगावे. खाचेपासून स्तनाग्राचे अंतर 40 सेंटिमीटरच्या पुढे, प्रत्येक बाजूने दीड-दोन किलो काढायचे आणि सोबत जुनाट मधुमेह किंवा हृदयविकार असेल तेथे ती अजूनही योग्य आहे, कारण शस्त्रक्रिया लवकर आटोपते. केवळ अंतर जास्त आहे म्हणून तरुण स्त्रीवर ती लादू नये. रुंद तळाच्या वरच्या-आतल्या पेडिकलने बरेच मोठे स्तनही सुरक्षित लहान करता येतात.

किशोरवयात झपाट्याने वाढलेल्या स्तनांमध्ये तंत्रापेक्षा वेळ महत्त्वाची. वाढ थांबून साधारण वर्षभर आकार स्थिर राहिल्याशिवाय हात लावू नये, अन्यथा स्तन पुन्हा वाढतात. त्रास असह्य असेल तर ही शक्यता मुलीला आणि आई-वडिलांना समोर बसवून सांगून मगच पुढे जावे.

ज्यांची ही शस्त्रक्रिया पूर्वी एकदा झाली आहे त्यांच्यात सर्वांत जास्त सावधगिरी हवी. पहिला पेडिकल कोणता होता हे माहीत असेल तर तोच पुन्हा वापरावा. दुसऱ्या बाजूचा नवा पेडिकल घेतला तर स्तनाग्राला जगवणारी एकमेव वाट कापली जाऊ शकते. माहीत नसेल तर स्तनाग्र फारसे हलवू नये, खालच्या भागातून पाचर काढावी आणि बाकीचे काम लायपोसक्शनने करावे. किरणोपचार झालेल्या स्तनावर ही शस्त्रक्रिया शक्यतो टाळावी.

टेबलवर बदलणारा निर्णय

आखणी शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी किंवा आदल्या दिवशी, रुग्ण उभी किंवा बसलेली असताना होते, कारण आडवे झाल्यावर स्तन बगलेकडे सरकतात आणि सगळ्या खुणा खोट्या ठरतात. भूल दिल्यानंतर, टाके घालण्याआधी, टेबलची पाठ उचलून रुग्णाला बसते करतात आणि पायांकडून दोन्ही बाजू पाहतात. त्वचा तात्पुरत्या स्टेपलने जुळवून, कोठे जादा आहे ते पाहून, मगच अखेरचा चिरा ठरवतात. उभ्या पद्धतीत आडव्या चिऱ्याची भर पडली तर ती येथे पडते, म्हणून तिची संमती आधी घेतलेली असावी.

स्तनाग्र काळेनिळे पडू लागले तर सर्वप्रथम टाके सोडावेत, पेडिकल पिळला वा दुमडला गेला आहे का आणि आत रक्त साठले आहे का ते पाहावे, जरूर तर पेडिकलभोवतीची आणखी ऊती काढून जागा मोकळी करावी. तरीही रंग परतला नाही तर त्याच वेळी स्तनाग्र सुटे करून रोपणाच्या पद्धतीने बसवावे. ही शक्यता क्वचित येते, तथापि संमतिपत्रात ती लिहिलेली नसेल तर शस्त्रक्रियेच्या ऐन मध्यावर बाहेर बसलेल्या नातेवाइकांना ती समजावत बसावे लागते. ड्रेन, म्हणजे साचणारे रक्त बाहेर नेणारी नळी, सर्रास घालण्याने फायदा होतो असे आढळलेले नाही. कोठे रक्त झिरपते आहे असे वाटले तरच घालावा.

काढलेली ऊती दोन्ही बाजूंची वेगवेगळी तोलून, डावी-उजवी अशी चिठ्ठी लावून, पॅथॉलॉजीला पाठवलीच पाहिजे. तपासण्या स्वच्छ असूनही थोड्या स्त्रियांमध्ये तीत कर्करोग सापडतो, आणि दोन्ही बाजूंची ऊती एकाच बरणीत टाकलेली असेल तर तो कोणत्या स्तनातला हेच सांगता येत नाही.

कागदपत्रे

भारतातील आरोग्य विम्यात केवळ दिसण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रिया वगळलेल्या असतात. वैद्यकीय गरज सिद्ध करायची असेल तर पाठदुखीवरचे उपचार, घडीतील संसर्गाच्या चिठ्ठ्या, फोटो आणि मापे दाव्याआधीपासून जपलेली असावीत. शेवटी, घरी सोडताना मिळणाऱ्या कार्डावर ‘ब्रेस्ट रिडक्शन, दोन्ही बाजू’ एवढेच लिहिलेले असेल तर ते स्वीकारू नये. पेडिकल कोणता, आखणी कोणती, प्रत्येक बाजूने किती ग्रॅम काढले आणि स्तनाग्र किती सेंटिमीटर वर नेले, हे चार तपशील त्यावर लिहून घ्यावेत आणि पॅथॉलॉजीच्या अहवालासह त्याची छायाप्रत घरी ठेवावी. पंधरा वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, किंवा स्तनात गाठ निघून बायोप्सीची वेळ आली, तर त्या वेळचा डॉक्टर सर्वांत आधी हाच कागद मागेल.